तारेला किती वीज सोसते?



गेल्या वैशाखांत कांहीं कामानिमित्त मी मुळशी तालुक्यांतील उरवडे या गांवीं गेलों होतों. पुण्याहून पिरंगुटापर्यंत पोंचलें कीं हें गांव फारसें दूर राहत नाहीं. दुपारची वेळ होती. ज्यांच्या ओटीवर आम्ही टेकलों होतों ते गृहस्थ शेतकरी. शिक्षण बेताचें, पण नजर मोठी चौकस. समोरच्या विजेच्या तारांकडे बोट करून त्यांनीं मला विचारलें, "मास्तर, ह्या तारा थंडींत ताठ असतात आणि उन्हाळ्यांत लोंबतात. मग उन्हाळ्यांत त्यांतून वीज कमी जात असेल, नाहीं का?" मीं म्हटलें, "धाडाल तेवढी जाते; पण धाडावी मात्र कमी." त्यांनीं क्षणभर विचार केला आणि पुन्हां विचारलें, "आणि तारच फार थंड केली तर?" ह्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला ओटीवरची ती दुपार पुरली नाहीं. आजचें भाषण म्हणजे त्या उत्तराचा राहून गेलेला भाग आहे, असें समजावें.

प्रथम साध्या तारेची गोष्ट. तांब्याच्या तारेचा रोध दर अंशाला शेंकडा सुमारें ०.४ या प्रमाणानें वाढतो. म्हणजे वीस अंशांवर असलेली तार सत्तर अंशांपर्यंत तापली, तर तिचा रोध सुमारें एक पंचमांशानें वाढतो. रोध वाढला म्हणजे तोच प्रवाह नेतांना उष्णता अधिक निर्माण होते. उष्णता अधिक म्हणजे तार आणखी तापते, लांबते आणि लोंबते. खांबांवरून जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तारांना साधारण ७५ अंशांच्या पुढें तापूं देत नाहींत. भोंवतालची हवाच जेव्हां बेचाळीस अंशांवर असते तेव्हां तारेला स्वतःच्या तापण्यासाठीं फारशी जागा उरत नाहीं. पौषांतल्या रात्रीं ती भरपूर असते. तेव्हां साध्या तारेला किती वीज सोसते, हें एकट्या तारेवर ठरत नाहीं. तार, वारा आणि ऊन या तिघांत मिळून तें ठरतें.

मुळशीच्या खोऱ्यांत हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाहीं. १९२१ सालीं सेनापति बापट यांच्या नेतृत्वाखालीं तेथील मावळे शेतकऱ्यांनीं धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. तो अखेर निष्फळ ठरला, धरण झालें, आणि १९२७ सालीं कोंकणांत भिरा येथील वीजगृह सुरू होऊन मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईकडे वाहूं लागली. ज्या विजेपायीं भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं, तिच्यांतील कांहीं भाग मुंबईच्या वाटेवर केवळ तारा तापविण्यांत खर्च होतो. जगांतील कोणत्याहि तारेला हें चुकलेलें नाहीं. परंतु हा भाग शून्य करतां येईल काय, हा प्रश्न ज्याला सुचला त्याला तो सुचण्याचें कारण मुळशी नव्हे, हॉलंडांतील एक प्रयोगशाळा होती. आणि त्या प्रयोगशाळेचा सारा कारभार ज्या वायूवर चालला त्याचा आपल्या प्रांताशीं थोडा संबंध आहे. तो आधीं सांगतों.

१८ ऑगस्ट १८६८ रोजीं झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया विजापूर, जमखंडी या भागांतून आंध्रांतील गुंटूरकडे गेली. जमखंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि गुंटुरास फ्रेंच ज्योतिषी जान्सन हे वर्णपटदर्शक घेऊन बसले होते. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत लॉकियर यांनीं इंग्लंडांतूनच, ग्रहणावांचून, सूर्याच्या कडेच्या प्रकाशांत एक पिवळी रेघ पाहिली. ती कोणत्याहि ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. तिच्या धन्याला हेलियम असें नांव पडलें. आपल्याकडे विजयदुर्गाच्या किल्ल्यांत साहेबाचे कट्टे दाखवून "हेलियमचा शोध येथेंच लागला" असें मोठ्या अभिमानानें सांगतात. अभिमानाला माझी हरकत नाहीं, पण लॉकियर विजयदुर्गास आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठीं; आणि त्याच्या तीन वर्षें आधींच, १८९५ सालीं, रॅमझे यांनीं हेलियम पृथ्वीवरील एका खनिजांतून काढून दाखविला होता. १८९८ च्या ग्रहणांत आपण खरोखर ज्याचें नांव घ्यावें ते पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगांववाला. त्यांनीं जेऊर येथें आपला तळ ठोकून ग्रहणाचे वेध घेतले होते. हें विषयांतर झालें, पण खोट्या श्रेयापुढें खरें झांकून जाऊं नये म्हणून केलें.

लायडन येथील प्राध्यापक कामरलिंग ऑनेस यांनीं उत्तर कॅरोलायनांतून आणविलेल्या मोनाझाइट वाळूपासून हा वायु जमविला आणि १० जुलै १९०८ रोजीं त्याचें पाणी केलें. दिवसभराच्या खटपटीनंतर हातीं आलें तें सुमारें साठ घन सेंटिमीटर, म्हणजे चहाच्या पेल्यांत मावेल इतकें. हा द्रव ४.२ अंशांवर उकळतो. हे अंश केल्व्हिन मापाचे. त्यांची मोजणी बर्फापासून नव्हे, तर ज्याच्या खालीं थंडी संभवतच नाहीं अशा उणे २७३ अंशांपासून सुरू होते. आजच्या भाषणांत यापुढें हेंच माप समजावें.

८ एप्रिल १९११ रोजीं ऑनेस व त्यांचे सहकारी होल्स्ट यांनीं कांचेच्या केशनलिकेंत गोठविलेल्या पाऱ्याचा रोध मोजला. यंत्रशाळेचे प्रमुख फ्लिम यांनीं पात्र सिद्ध केलें होतें. रोध जवळ जवळ शून्य आला. पुढील महिन्यांत दिसून आलें कीं तो हळूहळू शून्याकडे जात नाहीं, ४.२ अंशांच्या सुमारास एकाएकीं कडेलोट झाल्यासारखा नाहींसा होतो. १९१२ च्या अखेरीस कथील आणि शिसें यांतहि हाच चमत्कार आढळला; शिसें तर ७.२ अंशांपासूनच रोधहीन होतें. ह्या गुणाला आपण अतिवाहकता म्हणूं.

आतां उरवड्याच्या गृहस्थांचा तर्क आठवा. तारेला किती वीज सोसते हें जर तिच्या तापण्यावर अवलंबून असेल, तर जी तार मुळीं तापतच नाहीं तिला कितीहि वीज सोसावी! ऑनेस यांनाहि तसेंच वाटलें. १९१३ सालीं शिकागो येथें शीतीकरणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्यांनीं एक लाख गाउस शक्तीच्या चुंबकाचें चित्र श्रोत्यांपुढें उभें केलें. तांब्याच्या वेटोळ्यांनीं असा चुंबक करावयाचा म्हणजे एका लढाऊ जहाजाएवढा खर्च, असा हिशेब फ्रेंच शास्त्रज्ञांनीं केला होता. शिशाच्या वेटोळ्यानें तो हातभर जागेंत होईल, अशी त्यांची उमेद होती.

परंतु ह्या उमेदीला तडा देणारें एक माप त्यांच्याच वहींत त्यापूर्वीं उतरलेलें होतें. पाऱ्याच्या धाग्यांतून प्रवाह वाढवीत नेला असतां एका ठराविक मर्यादेपर्यंत दाबमापकाचा कांटा हालत नसे. मर्यादा ओलांडतांच कांटा एकदम उसळे. आणि ही मर्यादा उष्णतामानाप्रमाणें बदलत असे. पारा जेमतेम अतिवाहक झालेला असतांना ती अगदीं अल्प; जसजसें अधिक थंड करावें तसतशी ती वाढत जाई. म्हणजे रोध शून्य झाला तरी मर्यादा संपली नव्हती, आणि उष्णतामानाशीं असलेलें नातेंहि तुटलें नव्हतें. शिशाची तार गुंडाळून तिचें वेटोळें केलें तेव्हां तर अधिकच विचित्र प्रकार झाला. सरळ तारेला जेवढा प्रवाह सोसत होता त्याचा लहानसा अंशहि वेटोळ्याला सोसेना. ऑनेस यांची समजूत अशी झाली कीं तारेंत कोठेंतरी कच्च्या जागा असाव्यात, तेथें ती तापत असावी आणि ती उष्णता शेजारच्या चांगल्या भागाला बिघडवीत असावी. ही समजूत चुकीची होती, पण मूर्खपणाची नव्हती. तिच्याकडे पुन्हां यावें लागणार आहे.

खरें कारण १९१४ सालीं उघड झालें. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलें तर पांच-सहाशें गाउसांतच शिशाची अतिवाहकता नष्ट होते. एक लाखाची गोष्ट बोलणाऱ्यास सहाशेंवर थांबावें लागलें. मग १९१६ सालीं वॉशिंग्टनच्या मापनसंस्थेंतील फ्रान्सिस सिल्स्बी यांनीं दोन मर्यादा एकींत गुंफल्या. प्रवाह वाहूं लागला कीं तारेभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, हें शाळेंतील मुलासहि ठाऊक आहे. तार मरते ती प्रवाहानें नव्हे, प्रवाहानें स्वतःच निर्माण केलेल्या क्षेत्रानें! वेटोळ्यांत एका फेऱ्याचें क्षेत्र दुसऱ्यावर पडतें, म्हणून तें आधीं मरतें. टाउन यांच्यासह ऑनेस यांनीं कथलावर प्रयोग करून ह्या कल्पनेची परीक्षा घेतली. तो निबंध १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं फेब्रुवारींत ऑनेस वारले.

हें क्षेत्र उष्णतामानानुसार कसें उतरतें याचा नियमहि साधा आहे. शून्य अंशावर तें सर्वांत मोठें असतें, आणि उष्णतामानाच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होत होत अतिवाहकतेच्या उंबरठ्यावर शून्य होतें. त्यावरून मीं एक हिशेब मांडला. एक मिलिमीटर व्यासाची शुद्ध शिशाची तार घ्या. २ अंशांवर तिला सुमारें १८५ अँपियर सोसतील, ४.२ अंशांवर १३०, ७ अंशांवर अवघे ११, आणि ७.२ अंशांवर कांहींच नाहीं. शेवटच्या एका पंचमांश अंशांत सगळा खेळ आटोपतो. तेव्हां तारेची मर्यादा मोजणाऱ्यानें जर उष्णतामान मोजण्यांत दहाव्या हिश्श्याची चूक केली, तर उंबरठ्याजवळ त्याचें उत्तर दीडपट दुप्पट चुकेल. या विषयाची खरी अडचण येथें आहे. आणि मला वाटतें, इतिहासकार शोधांचीं सनावळी देतात व ह्या अडचणीला बगल देतात, म्हणून येथें थोडें थांबावें.

तारेचा तुकडा द्रव हेलियमांत बुडवितात. तिला चार टोकें जोडतात: दोन बाहेरच्या बाजूस प्रवाह आंत नेण्यासाठीं, दोन आंतल्या बाजूस दाब मोजण्यासाठीं. हीं जोडपीं वेगळीं ठेवण्याचें कारण असें कीं सांध्यांचा रोध मापांत मिसळूं नये. हेलियमच्या वाफेचा दाब पंपानें कमी केला कीं तो अधिक थंड होतो. महाबळेश्वरास पाणी शंभर अंशांच्या आधींच उकळतें त्यांतलाच हा प्रकार. त्यामुळें वाफेचा दाब हाच उष्णतामापकाचें काम करतो. २.१७ अंशांवर एक विलक्षण गोष्ट घडते. तोंवर खदखदणारा द्रव एकाएकीं स्तब्ध होतो, कारण त्याच्यांतून उष्णता इतक्या त्वरेनें वाहूं लागते कीं बुडबुडा धरण्यास अवकाशच मिळत नाहीं. ४.२ च्या वर जावयाचें असेल तर द्रव सोडून थंड वाफेंत तार टांगावी लागते आणि लहानशा विद्युत्-शेगडीनें तिला ऊब द्यावी लागते. आणि तेथें तारेचें खरें उष्णतामान कोणतें हा वाद सुरू होतो.

प्रवाह नेणाऱ्या तांब्याच्या जाड तारा खोलींतील उष्णता घेऊन आंत येतात. त्या जाड केल्या तर बाहेरची उष्णता अधिक उतरते, बारीक केल्या तर त्या स्वतः तापतात. दोहोंच्या मधलें माप शोधावें लागतें. मग प्रवाह हळूहळू वाढवावयाचा. कांटा केव्हां हालला म्हणावयाचें? निसर्ग येथें रेघ ओढून देत नाहीं. म्हणून प्रयोगकर्त्यांनीं आपसांत ठरविलें आहे कीं एका सेंटिमीटर लांबींत एक मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टाचा दहा लक्षांवा भाग, इतका दाब दिसला कीं तो सीमा-प्रवाह समजावा. पण त्या क्षणीं तार थोडी तापूं लागलेली असते. तापली कीं तिची मर्यादा उतरते. मर्यादा उतरली कीं तोच प्रवाह तिला जड होतो. जड झाला कीं आणखी तापते. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच सारा तुकडा साध्या धातूसारखा होऊन हेलियम उधळूं लागतो. उन्हाळ्यांतील साध्या तारेची जी कथा मीं आरंभीं सांगितली तीच ही, फक्त तेथें तासांनीं घडणारें येथें क्षणांत घडतें. ऑनेस यांची कच्च्या जागांची कल्पना १९१३ च्या कोड्याचें उत्तर नव्हती. पण तारा कशा जळतात याचें वर्णन म्हणून ती अक्षरशः खरी ठरली.

शुद्ध धातूंच्या तारा इतक्या लवकर हार खातात हें पाहून पुष्कळांनीं हा नाद सोडला. खारकोव्ह येथें शुब्निकोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं शिशाच्या मिश्रधातूंत वेगळा प्रकार पाहिला. चुंबकीय क्षेत्र त्या मिश्रधातूंत हळूहळू शिरतें, तरी अतिवाहकता टिकून राहते. १९३७ सालीं हें काम प्रसिद्ध झालें आणि त्याच वर्षीं स्टालिनच्या राजवटींत शुब्निकोव्ह यांना पकडून गोळी घालण्यांत आली. वीस वर्षांनीं, १९५७ सालीं, अब्रिकोसोव्ह यांनीं त्याचा अर्थ लावला. क्षेत्र अशा पदार्थांत बारीक भोंवऱ्यांच्या रूपानें शिरतें, आणि हे भोंवरे एखाद्या फळीवर मोहरा मांडावा तसे अंतरा-अंतरानें जाळी करून उभे राहतात. प्रवाह वाहूं लागला कीं तो ह्या भोंवऱ्यांना बाजूला ढकलतो. ते सरकले कीं दाब उत्पन्न होतो, आणि अतिवाहकतेचा सारा लाभ गेला. म्हणून तार चांगली करावयाची म्हणजे भोंवऱ्यांना अडकवून ठेवणारे दोष तिच्यांत मुद्दाम पेरावयाचे! शुद्धतेचा हट्ट सोडला तेव्हां यश आलें. १९६१ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कुंझलर आणि त्यांचे सहकारी यांनीं नायोबियम व कथील यांच्या संयुगांत ८८,००० गाउस क्षेत्रांत, ४.२ अंशांवर, दर चौरस सेंटिमीटरास एक लक्ष अँपियरांहून अधिक प्रवाह नेऊन दाखविला. शिकागोचें स्वप्न अठ्ठेचाळीस वर्षांनीं असें खरें होऊं लागलें. पुढें नायोबियम आणि टिटॅनियम यांच्या केसाहून बारीक तंतूंना तांब्यांत गुंतवून तारा ओढूं लागले. अशा बहुतंतु तारा तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतहि तयार झाल्या. तांबें तेथें शोभेस नसतें. तंतु क्षणभर थकला तर प्रवाहानें जावयास आडवाट असावी, म्हणून तें असतें.

आतां मुंबईंतील कामाकडे येतों, कारण उष्णतामान आणि सीमा-प्रवाह यांच्या नात्यांतला सर्वांत चमत्कारिक प्रकार समजून घेण्यांत कुलाब्याचा मोठा वाटा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था होमी भाभा यांनीं १९४५ सालीं स्थापिली. तिच्या प्रयोगशाळेंत १९९३-९४ सालीं नागराजन, गुप्ता आणि त्यांचे सहकारी यांनीं इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणांत सुमारें १२ अंशांवर अतिवाहकता शोधून काढली. निकेलसारखें चुंबकीय वळणाचें मूलद्रव्य ज्यांत आहे त्यांत हा गुण सांपडावा याचें जगाला नवल वाटलें, आणि थोड्याच अवधींत अमेरिकेंतूनहि त्या कुळांतील नवे पदार्थ पुढें आले.

पण मीं चमत्कारिक म्हटलें तें दुसरेंच. आतांपर्यंत आपण असें धरून चाललों कीं उष्णतामान वाढलें कीं सोसण्याची शक्ति कमी होते. बहुधा तसेंच असतें. परंतु कांहीं पदार्थांत, अतिवाहकता संपण्याच्या अगदीं थोडें आधीं, सीमा-प्रवाह उतरतां उतरतां एकाएकीं वर चढतो, शिखर गांठतो, आणि मगच कोसळतो. विझणारी समई एकदां मोठी होते तसें. १९६० च्या सुमारास हें प्रथम ध्यानांत आलें. १९६९ सालीं केंब्रिजच्या पिपर्ड यांनीं त्याचें एक स्पष्टीकरण सुचविलें. १९९३ सालीं अमेरिकेंत शोभो भट्टाचार्य आणि हिगिन्स यांनीं नायोबियम डायसेलेनाइडच्या स्फटिकांवर त्याचा बारकाईनें अभ्यास केला; हे भट्टाचार्य पुढें कुलाब्याच्या संस्थेचे संचालक झाले. कुलाब्यास ग्रोव्हर, रामकृष्णन् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं नव्वदीच्या दशकांत हा विषय कित्येक पदार्थांत पडताळून पाहिला.

त्यांच्या मापनाची रीत मला फार आवडते, कारण तींत तारच नाहीं. स्फटिकाला चार टोकें जोडून मोठा प्रवाह सोडला कीं सांधे तापतात, हें आपण पाहिलें. त्याऐवजीं स्फटिकाभोंवतीं लहानसें वेटोळें ठेवून त्यांत अगदीं क्षीण असा उलटसुलट प्रवाह खेळवितात. स्फटिक आपल्या पृष्ठभागावर स्वतःचा प्रवाह उत्पन्न करून त्या क्षेत्राला बाहेर ठेवूं पाहतो. किती बाहेर ठेवूं शकला यावरून त्याची सोसण्याची शक्ति कळते. हा हिशेब कसा करावा हें बीन यांनीं १९६२ सालीं दाखवून दिलें होतें. उष्णतामान हळूहळू वाढवीत नेलें कीं स्फटिकाचा हा विरोध ढिला पडत जातो. आणि शेवटच्या उंबरठ्याजवळ, ज्या ठिकाणीं तो संपावयाचा, तेथेंच पुन्हां बळावतो. आलेखावर तेथें एक टोंकदार खांच दिसते.

असें कां व्हावें? ज्येष्ठांत आळंदीहून निघालेल्या दिंडीची कल्पना करा. रांगेनें, टाळाच्या ठेक्यावर पावलें टाकणारी दिंडी वाटेंतील झाडाखालीं सांवली आहे म्हणून मोडत नाहीं. एकेकाला थांबावेंसें वाटलें तरी मागचा पुढच्याला आणि बाजूचा बाजूच्याला ओढून नेतो. पण ऊन चढलें, रांग ढिली झाली, कीं जो तो जवळचें झाड पाहून टेकतो. मग त्या समुदायाला पुढें हालविणें रांगेंतील दिंडीला हालविण्याहून कठीण जातें. भोंवऱ्यांच्या जाळीचें तसेंच आहे. थंडींत ती ताठ असते. दोषांच्या खळग्यांत बसण्यासाठीं वांकत नाहीं. उष्णतामान वाढलें कीं ती मऊ होते, तुटते, आणि प्रत्येक भोंवरा आपापला खळगा गांठतो. म्हणून मरणापूर्वीं घटकाभर तार अधिक सोसते. रायचौधुरी यांच्या गटानें कुलाब्यासच अतिसूक्ष्म सुईच्या दर्शकानें ह्या जाळीचीं चित्रें घेतलीं; २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत क्षेत्र वाढवीत नेतां ती जाळी आधीं ओळीची शिस्त व मग दिशेची शिस्त अशी दोन टप्प्यांनीं कशी गमावते हें दिसतें. जें पन्नास वर्षें केवळ कांट्याच्या हालचालीवरून ताडलें जात होतें तें डोळ्यांपुढें आलें.

१९८६ सालीं झुरिकजवळ बेडनोर्झ व म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत नवी अतिवाहकता सांपडली, आणि १९८७ सालीं ९३ अंशांपर्यंत मजल गेली. ७७ अंशांवर उकळणारा द्रव नायट्रोजन मग पुरेसा होता, आणि हा द्रव हेलियमच्या मानानें फारच स्वस्त. वर्तमानपत्रांनीं तेव्हां विजेच्या तारांचें रामराज्य जाहीर केलें. परंतु उंबरठा ९३ वर गेला म्हणजे ७७ वर तार बळकट झाली असें होत नाहीं. ऊब इतकी असते कीं भोंवरे अडकलेल्या जागांतून स्वतःच निसटूं लागतात. ह्या सरकण्याचें गणित अँडरसन यांनीं १९६२ सालींच मांडून ठेवलें होतें. तेव्हां नव्या पदार्थांसाठींहि जुनाच मार्ग धरावा लागला: एकेका अंशावर, एकेका क्षेत्रांत, प्रवाह वाढवून कांटा पाहणें.

हें माप कागदावरचें नाहीं याचा दाखला १९ सप्टेंबर २००८ रोजीं जिनीव्हाजवळ मिळाला. तेथील महाकाय कणत्वरकाचे चुंबक नायोबियम-टिटॅनियमचे, १.९ अंशांवर ठेवलेले. पूर्ण क्षेत्रांत तारेचें उष्णतामान आणखी सुमारें दीड अंशानें चढलें तर ती हार खाते. एवढीच तिची शिल्लक. त्या दिवशीं चाचणींत प्रवाह सुमारें ८,७०० अँपियरांवर असतांना दोन चुंबकांमधील एक जोड कच्चा निघाला. त्याचा रोध ओहमच्या कोट्यंश भागांत सांगावा लागेल इतका क्षुद्र, पण शून्य नव्हे. तो तापला, वितळला, ठिणगी उडाली, हेलियमचें आवरण फुटलें. सुमारें सहा टन हेलियम भुयारांत उधळला आणि ५३ चुंबक काढून दुरुस्तीस न्यावे लागले. यंत्र पुन्हां चालू होण्यास वर्षाहून अधिक काळ गेला. ऑनेस यांच्या कच्च्या जागेनें असा पंचाण्णव वर्षांनीं आपला हिशेब चुकता करून घेतला.

उरवड्याच्या त्या गृहस्थांना मीं अलीकडेच पत्र लिहून राहिलेलें उत्तर कळविलें. जर्मनींतील एसेन शहरांत २०१४ सालीं सुमारें एक किलोमीटर लांबीची, नायट्रोजननें थंड ठेवलेली अशी केबल जमिनीखालून टाकून ती शहराच्या वीजपुरवठ्यास जोडली होती व कित्येक वर्षें चालविली, हेंहि लिहिलें. त्यांचें उलट टपालीं उत्तर आलें. त्यांत एकच प्रश्न होता: ती थंड ठेवण्याला वीज किती लागते? प्रश्न अगदीं मर्मावरचा आहे. हेलियमच्या थंडींत एक वॉट उष्णता बाहेर काढण्यास निसर्गनियमानेंच निदान सत्तर वॉट लागतात, आणि प्रत्यक्ष यंत्रांना त्याच्या कित्येक पट. नायट्रोजनच्या थंडींत हा कर पुष्कळ हलका असतो, पण माफ होत नाहीं. आंखूड अंतर, दाट वस्ती आणि अवजड प्रवाह असेल तेथें हा व्यवहार जमूं शकतो. मुळशीच्या डोंगरांवरून जाणाऱ्या तारांना अद्याप वारा आणि थंडीचे दिवस यांवरच भागवावें लागत आहे, असें मीं त्यांना कळवीत आहें.